छातीत एकाच बाजूला पाणी: मेसोथेलिओमाच्या तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘छातीत पाणी झालंय’ म्हटले की पहिला संशय टीबीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. पण पाणी एकाच बाजूला आहे, वय पन्नाशी-साठीच्या पुढचे आहे, ताप फारसा नाही, छातीत बोथट दुखणे मात्र दिवसेंदिवस वाढते आहे आणि माणसाने उमेदीच्या वयात ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केले आहे, असे सगळे जुळले तर फुप्फुसावरणाच्या कॅन्सरचा, म्हणजे मेसोथेलिओमाचा, विचार पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा. आजार दुर्मीळ आहे. तो नसण्याचीच शक्यता जास्त. पण असलाच तर तपासण्यांचा क्रम चुकल्याने जे नुकसान होते ते नंतर भरून काढता येत नाही. पाणी आधीच पूर्ण काढून टाकले, सीटी साधा, म्हणजे कॉन्ट्रास्टचे औषध शिरेतून न सोडता, केला, पाणी पुन्हा भरू नये म्हणून छातीत घालायची टाल्क पावडर आधी घातली आणि आजाराचा पसराव दाखवणारा पेट स्कॅन नंतर केला, अशा चुका रुग्णालय कितीही मोठे असले तरी घडतात. हे टिपण रुग्णाच्या घरच्यांसाठी आणि तालुक्याच्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे.

आधी कामाचा इतिहास

कुठल्याही फोटोच्या आधी ही माहिती कागदावर यायला हवी, कारण रेडिओलॉजिस्टच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा ‘छातीत पाणी, कारण बघा’ एवढेच लिहिलेले असते. ॲस्बेस्टॉसचा संपर्क आणि आजार यांच्यात साधारण २० ते ५० वर्षांचे अंतर असते. म्हणून ‘सध्या काय करता’ हा प्रश्न कुचकामी. १९७५ ते २००० च्या दरम्यान कुठे होता, काय हाताळत होता, ते विचारा.

आपल्या भागात विचारण्याजोगी कामे अशी: साखर कारखान्यात बॉयलरवर आणि वाफेच्या पाइपांवर लॅगिंग (उष्णता रोखणारे वेष्टन) चढवणे किंवा जुने खरवडून काढणे, फाउंड्रीत भट्टीजवळ ॲस्बेस्टॉसची दोरी, कापड, हातमोजे वापरणे, रेल्वे वर्कशॉप, मुंबईच्या गिरण्या, गोदी, जहाजांची दुरुस्ती, गॅरेजमध्ये ब्रेक लायनर घासणे आणि हवेच्या फवाऱ्याने ड्रम साफ करणे, ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे करवतीने कापणे, त्यांना भोके पाडणे. घरातल्या बाईला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: नवऱ्याचे किंवा वडिलांचे कामावरचे कपडे कोण झटकून धूत असे? नुसते सिमेंटच्या पत्र्याच्या घरात राहिल्याने घाबरून जायचे कारण नाही. पत्रा शाबूत असेल तर त्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. धोका कापण्यात, फोडण्यात आणि मोडकळीला आलेला पत्रा चुरडण्यात आहे.

फाउंड्रीवाल्यांच्या बाबतीत एक गोंधळ नेहमी होतो. साच्याच्या वाळूची धूळ सिलिकाची असते. तिने सिलिकोसिस होतो, आणि तो फुप्फुसाच्या आत, बहुधा वरच्या भागात, बारीक गाठींच्या रूपात दिसतो. ॲस्बेस्टॉसच्या खुणा आवरणावर आणि फुप्फुसाच्या तळाशी असतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही धुळींची नावे लिहा.

एक्स-रे: स्वस्त आणि सोपा, पण नीट काढलेला असला तर

उभे राहून, छाती प्लेटला लावून, पूर्ण श्वास आत घेऊन काढलेला फोटो हवा. खाटेवर झोपवून काढला तर पाणी पाठीमागे पसरते आणि सगळी बाजू नुसती धुरकट दिसते. किती पाणी आहे ते कळत नाही. दमामुळे उभे राहणे जमत नसेल तर निदान बसवून काढा. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, ताईत आणि दंडावरचा पट्टा उतरवून ठेवा.

समोरून काढलेल्या फोटोत बरगडी आणि (छाती व पोट वेगळे करणारा) पडदा यांच्यामधला टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिलीलिटर पाणी साचावे लागते. बाजूने काढलेल्या फोटोत त्याहून कमी, ५० ते ७५ मिलीलिटरही दिसते. म्हणून एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी दुखणे आणि कामाचा इतिहास जुळत असेल तर तिथेच थांबू नका.

आता मुख्य निरीक्षण. एका बाजूला भरपूर पाणी असेल तर श्वासनलिका आणि हृदय विरुद्ध बाजूला ढकललेले दिसायला हवे. अर्धी छाती पांढरी दिसते आहे, आणि तरीही श्वासनलिका मधोमधच आहे किंवा उलट पाण्याच्याच बाजूला ओढली गेली आहे, तर हे साधे पाणी नव्हे. एकतर श्वासनलिकेच्या फांदीत अडथळा आहे, किंवा आवरण जाड होऊन त्याने फुप्फुसाला चहूबाजूंनी आवळले आहे. मेसोथेलिओमात दुसरा प्रकार दिसतो: ती बाजू आक्रसते, बरगड्यांमधली अंतरे कमी होतात.

दोन्ही बाजूंना, विशेषतः पडद्यावर, चुन्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर ते प्लाक. प्लाक म्हणजे कॅन्सर नव्हे, प्लाकचा पुढे कॅन्सर होतो असेही नाही. ते ॲस्बेस्टॉस छातीत गेल्याची खूण आहेत, एवढेच; पण ती खूण वैद्यकीयदृष्ट्या आणि भरपाईच्या दृष्टीने मोलाची आहे. उलट बाजूने, प्लाक दिसत नाहीत म्हणून मेसोथेलिओमा नाही, असेही म्हणता येत नाही.

जुना एक्स-रे असेल तर शोधून काढा. कारखान्याच्या वार्षिक तपासणीचा, ऑपरेशनच्या आधी काढलेला, कुठलाही चालेल. दहा वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवल्यावर जो बदल उमगतो तो एकट्या नव्या फोटोतून उमगत नाही.

सोनोग्राफी: सुई टोचण्याआधी, आणि टोचतानाही

छातीची सोनोग्राफी तालुक्याच्या गावातही होते, पण अनेकदा तिचा उपयोग ‘पाणी आहे, अंदाजे ८०० मिली’ एवढे लिहिण्यापुरता होतो. तिच्याकडून याहून पुष्कळ काढून घेता येते. रुग्णाला बसवून, पुढे उशीवर हात टेकवून, पाठीकडून बघायचे. रिपोर्टमध्ये या गोष्टी मागून घ्या: छातीच्या भिंतीकडचे आवरण १ सेंटिमीटरपेक्षा जाड आहे का, आवरणावर किंवा पडद्यावर गाठी आहेत का, पडदा ७ मिलिमीटरपेक्षा जाड आहे का, पाण्यात जाळी झाली आहे का. पहिल्या तीन गोष्टी कॅन्सरकडे बोट दाखवतात. जाळी मात्र टीबीतही होते, पू झाल्यावरही होते, आणि वारंवार पाणी काढल्यावरही होते.

पाणी काढताना होणारी चूक म्हणजे सोनोग्राफी सेंटरमध्ये पेनाने फुली मारून घ्यायची, मग रिक्षातून दवाखान्यात यायचे आणि तिथे त्या फुलीवर सुई घालायची. रुग्ण हलला, आडवा झाला, हात वर केला की कातडी सरकते आणि पाणीही सरकते. फुलीखाली आता फुप्फुस किंवा यकृत असू शकते. सोनोग्राफी आणि सुई एकाच खोलीत, एकाच बैठकीत व्हायला हवी.

पहिल्या वेळी तपासणीसाठी पाणी काढताना निदान ५० मिलीलिटर पेशीतपासणीला पाठवा. त्याशिवाय प्रोटीन, एलडीएच, पेशींची मोजणी, एडीए (टीबीत बहुधा वाढणारे एन्झाइम) आणि सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी). दम लागतोय म्हणून जास्त काढायचे झाले तरी एका वेळी १ ते दीड लिटरवर थांबतात. खोकल्याची उबळ आली किंवा छातीत आवळल्यासारखे झाले तर त्याआधीच थांबायचे. दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्याच फुप्फुसात पाणी उतरू शकते.

टीबीची फाइल कधी पुन्हा उघडायची

मेसोथेलिओमाचे पाणीही टीबीसारखेच पिवळसर किंवा लालसर, प्रोटीन जास्त, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असे येऊ शकते. एडीए ४० च्या वर गेला की आपल्याकडे टीबी धरतात, आणि साथीचे प्रमाण पाहता ते वावगे नाही. पण मेसोथेलिओमात आणि लिम्फोमातही एडीए कधीकधी वाढतो. उलट, मेसोथेलिओमात नुसत्या पाण्याच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडण्याचे प्रमाण कमी, साधारण तीनांत एक. ‘पाण्यात कॅन्सर नाही’ या ओळीवर निर्धास्त होऊ नका.

टीबीचे औषध चालू केले आहे, सहा-आठ आठवडे झाले, ताप गेला, भूक लागते, पाणी उतरले, तर ठीक. पाणी पुन्हा भरते आहे, दुखणे वाढते आहे, वजन घटते आहे, आणि टीबीचा जंतू कशातच सापडलेला नाही, तर कॉन्ट्रास्टचा सीटी आणि बायोप्सी. टीबीचे औषध मात्र स्वतःहून बंद करायचे नाही. ते डॉक्टर ठरवतील.

सीटी: निम्मा निकाल इथे लागतो

कोविडनंतर ‘एचआरसीटी’ हा शब्द घराघरात पोचला आणि आता छातीचे काहीही असले की लोक एचआरसीटी करून येतात. फुप्फुसाच्या आतले जाळे बघायला तो उत्तम. पण तो कॉन्ट्रास्टशिवाय होतो, आणि कॉन्ट्रास्ट नसेल तर पाणी आणि जाड झालेले आवरण दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगाचे दिसतात. मेसोथेलिओमाच्या शंकेसाठी शिरेतून औषध सोडून केलेलाच सीटी हवा, आणि तोही ठरावीक वेळेला काढलेला.

ती वेळ महत्त्वाची आहे. औषध शिरेत सोडल्यावर २०-२५ सेकंदांत ते फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत असते. तेव्हा फोटो काढला तर रक्ताच्या गुठळ्या छान दिसतात, आवरण मात्र उजळत नाही. आवरणासाठी ६० ते ९० सेकंद थांबावे लागते. चिठ्ठीवर सरळ लिहून द्या: ‘छाती आणि पोटाचा वरचा भाग, कॉन्ट्रास्टसह, आवरणासाठी उशिराची फेज, पातळ काप, उभे आणि आडवे छेद’. पोटाचा वरचा भाग का, तर फुप्फुसावरणाची खालची घडी मूत्रपिंडाच्या पातळीपर्यंत उतरलेली असते, आणि पडद्यापलीकडे आजार गेला आहे का हेही तिथेच कळते. फुप्फुस संपले तिथे स्कॅन थांबवला तर नेमका हा भाग राहून जातो.

सीटीच्या आधी क्रिएटिनिन करून ठेवा. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचे की नाही हे डॉक्टर तोलून ठरवतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ती थांबवायची वेळही तेच सांगतील. आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठले असेल, दम्याचा त्रास असेल, तर टेबलावर झोपण्याआधी सांगायचे, नंतर नाही. औषध आत जाताना अंगभर गरम वाटते, लघवी झाल्यासारखे वाटते; त्यात काही बिघडलेले नाही. सुईच्या जागी जळजळ झाली आणि हात फुगला तर मात्र लगेच ओरडा.

दम लागलेल्या माणसाला श्वास रोखून धरणे कठीण जाते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या चार-पाच वेळा सराव करून घ्या. सूचना कानडीत, हिंदीत की इंग्रजीत येणार हे आधी विचारून ठेवा. खानापूरच्या खेड्यातल्या आजीला यंत्रातून येणारी इंग्रजी सूचना कळत नाही, ती श्वास घेत राहते, आणि पडद्याजवळचे सगळे काप हलून जातात.

सीटी पाणी पूर्ण काढण्याआधी करायचा की नंतर? निदानासाठी आधी. थोडे पाणी शिल्लक असले की आवरणाचे दोन पदर वेगळे राहतात आणि गाठी उठून दिसतात. पाणी इतके आहे की माणूस आडवाच होऊ शकत नाही, तर आडवे झोपता येईल इतके काढून घ्या आणि मग सीटी करा. पुढे उपचार ठरवताना, आजार नेमका किती पसरला ते मोजायला, पाणी काढून झाल्यावरचा सीटी जास्त उपयोगी पडतो. म्हणून काही जणांना दोन सीटी लागतात. त्यात रुग्णालयाची लूट शोधू नका.

रिपोर्टमध्ये कॅन्सरकडे झुकणाऱ्या चार खुणा आहेत: आवरण फुप्फुसाभोवती सगळीकडून, गोलाकार जाड झालेले, त्यावर गाठी, छातीच्या भिंतीकडचे आवरण १ सेंटिमीटरपेक्षा जाड, आणि हृदयाकडच्या, मध्यभागातल्या आवरणातही जाडी. यातली शेवटची खूण फार बोलकी असते, कारण टीबी किंवा जुन्या पूमुळे आलेली जाडी बहुधा मध्यभागाचे आवरण सोडून देते. या खुणा दिसल्या तर कॅन्सरची शक्यता खूपच वाढते. दिसल्या नाहीत तर मात्र कॅन्सर नाही असे ठरत नाही. सुरुवातीच्या आजारात बऱ्याच जणांत त्या नसतात. शिवाय या खुणा आवरणावर पसरलेल्या दुसऱ्या कॅन्सरच्याही असतात, फुप्फुसाच्या आणि स्तनाच्याही. सीटी आजाराचे नाव ठरवत नाही. तुकडा कुठून घ्यायचा ते तो दाखवतो.

तुकडा: फोटो बघत बघत

आवरणाचा तुकडा काढण्याची जुनी पद्धत म्हणजे अब्राम्सची सुई, अंदाजाने. टीबीत ती चालून जाते, कारण टीबी आवरणावर सगळीकडे पसरलेला असतो. कॅन्सर मात्र ठिगळाठिगळांनी असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अब्राम्सने निम्म्याहून कमी कॅन्सर पकडले, तर सीटी बघत घेतलेल्या कटिंग सुईने १०० पैकी ८५ हून जास्त. थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, हे प्रमाण ९० च्या वर जाते. आवरण जाड असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीखाली सुई. पाणी भरपूर आणि आवरण पातळ असेल तर दुर्बीण. वय जास्त, तब्येत नाजूक, भूल झेपणार नाही, अशांना सुईच बरी.

सुई घालताना जागा सीटीवर सगळ्यात जाड दिसणारी आणि कॉन्ट्रास्टने उजळलेली निवडतात, आणि सुई आवरणाला समांतर, तिरकी नेतात. सरळ टोचली तर पातळ आवरणाचा जेमतेम ठिपका हाती लागतो आणि सुई फुप्फुसात घुसते. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी असते, म्हणून वाट बरगडीच्या वरच्या कडेवरून. १६ किंवा १८ गेजच्या सुईने चार-सहा तुकडे घ्यावेत. मेसोथेलिओमा सिद्ध करायला पॅथॉलॉजिस्टला एकामागोमाग बरेच रंग लावून बघावे लागतात, आणि एका धाग्याएवढ्या तुकड्यात ते सगळे बसत नाहीत.

इथे एक बाटली विसरली जाते. तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये जातात, पण एक तुकडा साध्या सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत, टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी वेगळा ठेवायचा. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. आपल्या भागात टीबीचा प्रश्न निकाली काढायला या एका तुकड्याची मोठी मदत होते.

आधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचा आकडा) तपासतात; प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर दीडच्या खाली असावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा. स्टेंट घातलेल्या माणसाने परस्पर गोळी बंद करू नये. बायोप्सीनंतर काही तासांनी एक्स-रे काढून हवा शिरली नाही ना ते बघतात. त्यामुळे दुपारच्या बसने परत जायचा बेत नको. रात्री बेळगावातच मुक्काम ठेवा.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४० यांसारखे रंग होकारार्थी आणि टीटीएफ-१, क्लॉडिन-४ यांसारखे नकारार्थी, अशी जोडी असायला हवी. मेसोथेलिओमाचा प्रकारही लिहिलेला हवा: एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की मिश्र. रंग न लावता नुसते ‘मेसोथेलिओमा वाटतो’ लिहिले असेल तर तुकड्यांचे ब्लॉक (मेणात बसवून जपलेले तुकडे) मागून घ्या आणि कॅन्सर रुग्णालयात पुन्हा तपासा. ब्लॉक रुग्णाच्या नावाचे असतात. लेखी मागितले की मिळतात.

पेट-सीटी: टाल्कच्या आधी

सगळ्यांनाच पेट लागत नाही. ऑपरेशनचा विचार असेल, किंवा आजार छातीबाहेर गेला आहे का हे कळल्याने उपचार बदलणार असतील, तरच त्याचा खर्च सार्थकी लागतो. लागणार असेल तर प्लुरोडेसिसच्या, म्हणजे आवरणाचे दोन पदर एकमेकांना चिकटवण्याच्या, आधी करा. पाणी पुन्हा भरू नये म्हणून छातीत जी टाल्क पावडर घालतात तिने आवरणाला सूज येते, आणि ती सूज पेटवर कॅन्सरसारखीच पेटलेली दिसते. हा उजेड कित्येक वर्षे टिकतो. टाल्क घातल्यावर केलेला पेट वाचताना मोठमोठे डॉक्टर बुचकळ्यात पडतात. चालू टीबीही पेटवर असाच उजळतो, हे आपल्याकडच्या रिपोर्टात लक्षात ठेवावे लागते.

तयारी: सहा तास पोटात काही नाही, पाणी मात्र भरपूर. आदल्या दिवसापासून शेतातले काम, सायकल, जिने नकोत. पेटसाठी किरण सोडणाऱ्या साखरेचे इंजेक्शन देतात, आणि कष्ट झालेले स्नायू ती साखर ओढतात. रक्तातली साखर २०० च्या आत असावी, नाहीतर तपासणी पुढे ढकलतात. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन कधी घ्यायचे ते सेंटरवाल्यांकडून आदल्या दिवशी फोनवर विचारा. इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचे, बोलायचेही नाही. इंजेक्शनमधल्या फ्लोरिनचे किरण दर ११० मिनिटांनी निम्मे होतात. त्या दिवशी नातवंडाला मांडीवर घेणे आणि गरोदर सुनेच्या शेजारी बसून प्रवास करणे टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही बंधन नाही.

एमआरआय ठरावीक कामासाठी आहे: आजार छातीच्या भिंतीत किंवा पडद्यातून पोटाकडे शिरला आहे का. ऑपरेशन होणारच नसेल तर बहुधा गरज नसते.

उपचार चालू असताना: जाडी कशी मोजतात

मेसोथेलिओमा गोळा होऊन वाढत नाही. तो सालीसारखा पसरतो. म्हणून गाठीची लांबी-रुंदी मोजण्याची नेहमीची पद्धत इथे लागू पडत नाही. छातीच्या भिंतीला किंवा मध्यभागाला काटकोनात आवरणाची जाडी मोजतात: तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर, प्रत्येक पातळीवर दोन जागी. सहा आकड्यांची बेरीज.

समजा पहिल्या सीटीत आकडे १२, १५, ९, १८, ११ आणि १० मिलिमीटर आले. बेरीज ७५. केमोनंतर ते ८, १०, ७, १३, ८ आणि ६ झाले, बेरीज ५२. घट ३० टक्क्यांपेक्षा थोडी जास्त, म्हणजे औषध लागू पडले. पुढच्या सीटीत बेरीज ६४ आली तर? नातेवाईक म्हणतात, ७५ पेक्षा कमीच आहे की! पण तुलना सगळ्यात कमी आलेल्या आकड्याशी होते. ५२ वरून ६४ म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ. आजार पुन्हा उचल खातो आहे. म्हणून प्रत्येक वेळी मागचे सगळे सीटी सोबत न्यायचे, नुसता शेवटचा नव्हे.

तिरक्या कापावर मोजले, किंवा आधीची जागा सोडून शेजारी मोजले, तर एकेका ठिकाणी २ मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि सहा जागांवर तो १२ होतो. तुलना खरी व्हायची तर शक्यतो तेच सेंटर, तीच फेज, तीच कापांची जाडी. एक सीटी निपाणीत, दुसरा कोल्हापुरात, तिसरा मिरजेत असे स्वस्तात पडेल तिथे फिरत राहिलात तर मोजणीत घोळ होणारच. आजाराची पायरी ठरवण्याच्या टीएनएमच्या नवव्या आवृत्तीतही तीन पातळ्यांवरच्या जाडीची बेरीज आली आहे, १२ आणि ३० मिलिमीटर या सीमारेषांसह. त्यामुळे पहिल्या रिपोर्टात जाडीचे आकडे मागायला आता आणखी एक कारण आहे.

दोन फसव्या गोष्टी. पाणी वाढले म्हणजे आजार वाढलाच असे नाही. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडायला हव्यात किंवा आवरण जाड झालेले दिसायला हवे. आणि इम्युनोथेरपी चालू असेल तर सुरुवातीच्या सीटीत आवरण फुगलेले दिसून पुढे उतरू शकते. तब्येत बरी असेल तर डॉक्टर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात. पण याच औषधांनी फुप्फुसाला सूजही येते. दम अचानक वाढला, कोरडा खोकला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता सीटी करून घ्यायचा.

पाणी काढल्यावरच्या एक्स-रेत फुप्फुस फुलून भिंतीला टेकले नसेल तर टाल्क चिकटत नाही. अशा वेळी छातीत बारीक नळी बसवून घरीच थोडे थोडे पाणी काढायची सोय होते, आणि खेड्यातून बेळगावला दर आठवड्याला खेटे घालण्यापेक्षा ती सोयीची पडते. नळीभोवती लाली, पू, ताप दिसला किंवा पाणी येणे अचानक बंद झाले तर सोनोग्राफी. नळी तुंबली आहे की पाणीच संपले आहे, हे बाहेरून कळत नाही.

सीडी, कार्ड आणि कागद

सीटी झाला की फिल्मवर समाधान मानू नका, डायकॉम फाइल (स्कॅनचे सगळे मूळ काप) असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. फिल्मवर मोजकेच काप असतात, आणि मोबाइलने खिडकीवर धरून काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून व्हॉट्सॲपवर कोणालाही जाडी मोजता येत नाही. सीडी घरी आल्या आल्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा; रिकामी सीडी ही नेहमीची गोष्ट आहे. नाव सगळीकडे आधारवर आहे तसेच लिहायला सांगा. एका रिपोर्टवर नुसते नाव, दुसऱ्यावर वडिलांचे नाव जोडलेले, असे झाले की सरकारी योजनेची मंजुरी अडते.

कर्नाटकात बीपीएल कार्ड असलेल्यांना आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकातून उपचार मिळतात; त्यासाठी आधी सरकारी रुग्णालयाची, बेळगावात बिम्सची, रेफरल चिठ्ठी बहुतेक वेळा लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेकडे जाणार असाल तर निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना कक्षात फोन करून दोन प्रश्न विचारा: आमचे गाव यादीत आहे का, आणि तपासण्या योजनेत बसतात की फक्त उपचार. हुबळी, बेंगळुरू, मुंबई कुठेही गेलात तरी पहिल्या भेटीत सीडी, पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि कामाच्या इतिहासाचा कागद या तीन गोष्टी हातात असू द्या. तपासण्या पुन्हा करायचे दोन आठवडे त्यात वाचतात.

आणि कारखान्यातल्या कामामुळे आजार झाला असेल तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या परिशिष्टात (नोव्हेंबर २०२५ पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात) ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. दावा करायचा तर, प्लाक असतील तेव्हा, सीटीच्या रिपोर्टात त्यांचा उल्लेख हवा. रेडिओलॉजिस्ट कॅन्सरच्या घाईत तो कधीकधी वगळतात. सीडी परत नेऊन पुरवणी रिपोर्ट मागता येतो. त्याच्याबरोबर हजेरीपट, पीएफचा नंबर, ईएसआयचे जुने कार्ड जे सापडेल ते जोडा.